सायकलीला मोटारीची धडक : रस्त्यावर तडजोड करू नका



लागण, खोडवा, बेणे सोडून या पानावर हा विषय कसा, असे आपणांस वाटेल. पण पहाटे पाण्याच्या पाळीला निघालेला शेतकरी, पाळीवर येणारा कामगार आणि आमचा चिटबॉय अजून सायकलीवरच दिसतात.

मागील हंगामात आमच्या एका गटातील सभासदास मागून मोटारीने उडवले. मोटारवाल्याने पाचशे रुपये हातावर ठेवले, "काका, चाकाचं करून घ्या," म्हणाला. "काय न्हाय, नुसतं खरचटलंय," म्हणत आमचे सभासद उठले आणि तसेच पाणी बदलायला गेले. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. डोक्यात रक्त साकळले होते. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण गाडीचा नंबर कुणी टिपलेला नव्हता, दवाखान्याचा पहिला कागद दुसऱ्या दिवसाचा. घरातले दागिने गहाण पडले.

म्हणून डोक्याला मार असेल तर माणूस चालता-बोलता असला तरी दवाखान्यात न्यावे. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, कानानाकातून रक्त वा पाणी येणे ही धोक्याची चिन्हे. पडलेल्यास हातपाय धरून उचलू नये, पाणी पाजू नये. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे आणि १०८ ला फोन करावा. मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार विनारोख होतो. डॉक्टरांना 'मोटारीची धडक' असे स्पष्ट सांगावे. "सायकलीवरून पडलो" असे एकदा कागदावर आले की पुढे ते निस्तरणे अवघड जाते.

गाडीचा नंबर त्याच क्षणी टिपावा. मोबाईल असेल तर गाडीचा, सायकलीचा आणि रस्त्याचा फोटो घ्यावा. पाहणाऱ्या दोघांची नावे घ्यावीत. फिर्याद द्यावी, तिची प्रत फिर्यादीस मोफत मिळते. पंचनामा होईपर्यंत सायकल दुकानात टाकू नये. आपण लोक रिम सरळ करून घ्यायची घाई करतो, आणि पुरावाच सरळ होऊन जातो!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रत्येक मोटारीस तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. भरपाईचा अर्ज जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो, तोही आपण राहतो त्या भागात. कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा हंगाम संपू दे मग बघू, असे म्हणू नये. सायकलीला दिवा नव्हता म्हणून दावाच बुडतो, हा समज चुकीचा. आपला दोष ठरला तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूस २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. तो अर्ज प्रांत वा तहसील कचेरीत द्यावा.

आता आमच्या खात्याशी संबंधित मुद्दा. उत्पन्न किती, हे दाव्यात शाबीत करावे लागते. सातबारा आणि ऊस बिलाचा दाखला लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. जमीन जागेवर आहे, ती काही अपघातात गेलेली नाही, असे न्यायालय म्हणते. बुडाली ती आपली मेहनत आणि देखरेख. म्हणून अंथरुणाला खिळल्यापासून पाणी धरायला, भांगलायला, खत टाकायला कोणाला लावले, किती मजुरी दिली, हे तारीखवार वहीत लिहून त्यांची सही-अंगठा घ्यावा. औषधांच्या पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात.

ऊस बिलाचा दाखला पाहिजे असल्यास सभासद क्रमांक आणि गळीत हंगामाचे साल लिहून गट कार्यालयात साधा अर्ज द्यावा. घरच्या कोणी आणून दिला तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी