डी.ए. ग्रेच्या थराखाली

जुन्या जीपच्या बॉडीचा रंग हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. माझे वेड बॉनेटखालचे आहे. ब्लॉक, टॅपेट कव्हर आणि चेंबर यांवर कारखान्याने कोणता रंग मारला होता, हा प्रश्न बरीच वर्षे माझी पाठ सोडत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना बजाज, टेल्को, टेम्पो यांचा इतिहास सांगायला नको. पण पिंपरीहून पवना ओलांडून काळेवाडीत आले की कारखान्यांच्या आधाराने वाढलेली लहान गॅरेजे लागतात आणि तिथला कारभार वेगळा असतो. नवे घडवण्यापेक्षा जुने चालते ठेवण्यात तिथला हात तयार झालेला असतो. अशा गॅरेजात 'इंजिनाला ग्रे मारा' म्हटले, की बहुधा डबा उघडतो तो डी.ए. ग्रेचा. लेथ, पंप, जनरेटर, सगळ्यांना चालणारा हाच रंग.

या डब्याचा माग काढताना माझ्या हाती शेड कार्ड आले आणि मूळ प्रश्नापेक्षा तेच जास्त रंगत गेले. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिच्या मानकांत आय.एस. १ राष्ट्रध्वजाचे आहे आणि आय.एस. ५ तयार रंगांच्या छटांचे. त्यात ६३२ क्रमांकावर डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे, म्हणजेच आपला डी.ए. ग्रे, आहे. हाच क्रमांक आणि हेच नाव ब्रिटिश मानक ३८१सी मध्येही सापडते. अ‍ॅडमिरल्टी म्हणजे ब्रिटनचे नौदल खाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बनलेल्या जीपच्या इंजिनावर आपण आज मारतो तो रंग या वाटेने आला आहे. छटा उत्तम आहे, टिकाऊही आहे. फक्त ती त्या इंजिनाची नाही.

मग त्याची कोणती? इथे जाणकारांचे जुने भांडण आहे. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. फोर्डच्या जीपीडब्ल्यूचे इंजिन राखाडी आणि विलीजच्या एमबीचे ऑलिव्ह ड्रॅब, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण दोन्ही जीपचे भाग एकमेकींना बसत. लष्करी डेपोंत इंजिने उतरली, दुरुस्त झाली, पुन्हा रंगली आणि भलत्याच जीपमध्ये चढली. त्यामुळे राखाडी इंजिनाची विलीज दिसली म्हणून मालकाला खोटे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. आधी ब्लॉकवरचा ठोकलेला क्रमांक पाहावा, मग थर पाहावेत.

थर पाहायची रीत सोपी आहे. सेल्फच्या पाठीमागे, डायनामोच्या ब्रॅकेटखाली, जिथे ऊन, तेल आणि ब्रश कमी पोहोचले, तिथे रुपयाएवढी जागा निवडायची. बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने गोल घासायचे. एकाआत एक कडी उघडत जातात: वरचा डी.ए. ग्रे, त्याखाली कधी काळा, कधी हिरवा, शेवटी प्रायमर किंवा बीड. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचा नमुना घेऊ नये. तेलावर आधारलेला इनॅमल उष्णतेने पिवळा पडतो आणि फसवतो. सापडलेली छटा दुपारच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे जुळवावी. घटक रंगद्रव्ये वेगळी असली की एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फटकून उभे राहतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर इथे मदतीला येतो, पण त्याला सपाट आणि स्वच्छ जागा लागते. खडबडीत बीडावर शेवटचा निवाडा अनुभवी डोळाच करतो.

छटा जुळली तरी हात जुळायला हवा. अमेरिकेत १९७४ साली स्थापन झालेली शेव्हरलेच्या कॉर्व्हेट गाडीच्या जीर्णोद्धारकांची संस्था गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच मागते. त्याहून चकचकीत केली तर गुण कापते. शेव्हरलेची इंजिने जोडल्यावर फवारली जात, म्हणून मॅनिफोल्डवर उडालेला केशरी रंग तिथे अस्सलपणाची खूण ठरतो. नटबोल्ट, पॅकिंगच्या कडा वेगळ्या रंगवून उठावदार करण्याची आपल्याकडची हौस मला म्हणूनच खटकते. ती मेहनत खरी असते, पण कारखान्याच्या घाईची साक्ष तिच्याखाली बुजते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे आली. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत, हा त्यामागचा आग्रह. मालकांनी तोच आग्रह रंगापर्यंत न्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत मोठे नुकसान चुकीच्या डब्याने होत नाही. डी.ए. ग्रे उद्या काढता येतो. रीबोअरिंगआधी ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळला की मात्र सगळे थर एकदमच जातात आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाहीत. म्हणून टाकीआधी ती रुपयाएवढी जागा घासावी, शेजारी शेड कार्ड धरून फोटो काढावा, क्रमांकासह तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. रंग नंतर कोणताही मारा. पण हे कागद ज्याच्याकडे असतील, त्याच्याच जीर्णोद्धाराला मी अस्सल म्हणेन.