एडिंबरातल्या औषधदुकानांची चाळीस वर्षं

१९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पुढच्या दोन-चार वर्षांत त्या पट्ट्यातलं तपकिरी हेरॉइन जगभर पसरलं. मुंबई-पुण्यात त्याला गर्द म्हणू लागले. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तेच हेरॉइन त्याच सुमाराला स्कॉटलंडमधल्या एडिंबरातही पोचलं. आपल्याकडची पोरं बहुतेक पन्नीवर गर्द ओढत, एडिंबरातली ते शिरेत टोचून घेत. त्यामुळे तिथला सगळा प्रश्न सिरिंजपाशी, म्हणजे पर्यायाने औषधाच्या दुकानापाशी येऊन ठेपला.

सिरिंज विकायला ब्रिटनमध्ये कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी आली ती धंद्यातल्याच मंडळींकडून. १९८२ मध्ये औषधविक्रेत्यांच्या फार्मास्युटिकल सोसायटीने सभासदांना सांगितलं, की ज्याला उपचारासाठी हवी आहे त्यालाच सिरिंज द्या. एडिंबरात शल्योपकरणांचं एक दुकान कोणालाही सिरिंज देत असे. पोलिसांच्या दडपणामुळे तिथली विक्रीही थांबली. रस्त्यात कोणाच्या खिशात सुई सापडली तर ती जप्त होई. सुईच मिळाली नाही तर पोरं टोचायचं सोडतील, असा हिशेब होता. पोरांनी नशा सोडली नाही, एकच सुई दहा-वीस जणांत फिरवायला सुरुवात केली.

शहराच्या उत्तरेला म्यूरहाउस ही गरीब वस्ती आहे. तिथल्या दवाखान्यात डॉ. रॉय रॉबर्टसन काम करत. काविळीच्या अभ्यासासाठी त्यांनी नशा करणाऱ्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. १९८५ मध्ये एचआयव्हीची चाचणी उपलब्ध झाली तेव्हा ते नमुने उपयोगी पडले. फेब्रुवारी १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापून आला: तपासलेल्या १६४ जणांपैकी ५१ टक्क्यांना लागण झालेली होती. जुन्या नमुन्यांवरून हेही कळलं, की विषाणू १९८३-८४च्या सुमाराला वस्तीत शिरला होता. नेमका तेव्हाच सुयांचा दुष्काळ होता. वर्तमानपत्रांनी एडिंबराला ‘युरोपची एड्स राजधानी’ म्हणायला सुरुवात केली. सत्तरेक किलोमीटरवरच्या ग्लासगोतही हेरॉइन मुबलक होतं, टोचणारेही भरपूर होते, पण तिथे लागण कितीतरी कमी होती. याची कारणं अनेक सांगितली जातात. त्यातलं वारंवार येणारं एक म्हणजे तिथे सिरिंज मिळणं इतकं अवघड नव्हतं.

मग चाकं उलटी फिरली आणि फिरली ती बऱ्यापैकी वेगाने. १९८६ मध्ये सोसायटीने आपला सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी डॉ. ब्रायन मॅक्लेलँड यांच्या समितीने स्कॉटलंडच्या आरोग्य खात्याला स्वच्छ सुया पुरवण्याची शिफारस केली. १९८८ मध्ये सरकारच्या सल्लागार मंडळाने स्पष्ट म्हटलं, की नशेपेक्षा एचआयव्हीचा धोका मोठा आहे. मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीत, नशेविरुद्ध कडक भाषा चालू असताना, हे घडलं याचं मला अजून नवल वाटतं. भीतीने जे करून घेतलं ते करुणेने करून घेतलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

१९८८ मध्येच डॉ. ज्युडी ग्रीनवुड यांच्या पुढाकाराने एडिंबरात अशी सोय झाली, की वस्तीतल्या डॉक्टरने हेरॉइनऐवजी घ्यायचं मेथाडोन हे औषध लिहून द्यायचं आणि नाक्यावरच्या केमिस्टने ते द्यायचं. ग्लासगोने १९९४ पासून यात भर घातली. रुग्णाने दुकानात येऊन, केमिस्टच्या समोर औषध प्यायचं. हिरवट द्रव, छोटा पेला, वर घोटभर पाणी आणि दोन शब्द. औषध बाहेर विकलं जाऊ नये हा मूळ हेतू. पण त्यातून आणखी एक गोष्ट झाली. ज्या माणसाला कुठलंच कार्यालय दारात उभं करत नव्हतं, त्याला रोज नावाने ओळखणारा एक माणूस मिळाला. दोन दिवस आला नाही तर ते लक्षात येई, पाय सुजला असेल तर दिसे. काही जणांना मात्र इतर गिऱ्हाइकांसमोर असं प्यायला लागणं अपमानाचं वाटे, आणि ते खरंही होतं. म्हणून पुढे अनेक दुकानांत आडोशाची खोली आली.

कायद्याची गंमतही सांगायला हवी. १९८६ च्या दुरुस्तीने नशेसाठी लागणारं साहित्य पुरवणं गुन्हा ठरलं, पण सिरिंज त्यातून वगळली. म्हणजे केमिस्टने सुई द्यावी, पण त्वचा पुसायचा स्वॅब देऊ नये! तपकिरी हेरॉइन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून लोक लिंबाचा रस वापरत आणि त्यातली बुरशी रक्तातून डोळ्यांपर्यंत पोचे. सायट्रिक आम्लाची पुडी आणि स्वॅब देण्याची मुभा मिळायला २००३ साल उजाडलं.

स्कॉटलंड सगळं शिकलं असं समजू नये. २०१५ पासून ग्लासगोत टोचणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची नवी साथ आली आणि शंभरावर लोकांना लागण झाली. ती चालू असतानाच २०१७ मध्ये ग्लासगो सेंट्रल रेल्वे स्थानकातल्या औषधदुकानातली, अतिशय वर्दळीची सुईबदल सेवा बंद झाली. रेल्वेच्या जागेचा कारभार पाहणाऱ्या कंपनीची तक्रार होती, की स्थानकात वापरलेल्या सुया सापडतात. एचआयव्हीच्या गोळ्या मेथाडोनबरोबरच देऊन ती साथ आटोक्यात आणायला मदत केली ती मात्र पुन्हा औषधदुकानांनीच.

मृत्यूंचं काय? इथे उत्तर सुखद नाही. २०११ मध्ये स्कॉटलंडने हेरॉइनचा अतिडोस उतरवणारं नॅलोक्सोन लोकांच्या हाती देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तरीही २०२० मध्ये नशेने १,३३९ माणसं गेली. हेरॉइनच्या जोडीला रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बनावट झोपेच्या गोळ्या आल्या, आणि त्यांच्यावर नॅलोक्सोन चालत नाही. २०२३ पासून औषधदुकानांत तातडीच्या वेळेसाठी नॅलोक्सोनचे संच ठेवायची सोय झाली. २०२४ चा आकडा १,०१७ आहे.

आपल्याकडे सुई-सिरिंज वाटपाचं काम एड्स नियंत्रण कार्यक्रमाखालच्या संस्था करतात. गल्लीतल्या केमिस्टचा नशेशी संबंध बातम्यांत येतो तो बहुतेक कफ सिरपवरच्या छाप्यापुरता. छापे पडायला हवेत, चिठ्ठीशिवाय कोडीन असलेलं सिरप विकणाऱ्याची गय नको. पण त्याच दुकानदारापुढे रोज नशा करणारी पोरं येऊन उभी राहतात, आणि त्यांच्याशी काय बोलावं, त्यांना कुठे पाठवावं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने निदान एवढं प्रशिक्षण तरी सुरू करावं.