मोजमाप मुलाचे, परीक्षा मापाचीही

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राचा सुटा भाग मापात आहे की नाही हे ठरविण्यापूर्वी, ज्या मायक्रोमीटरने तो मोजावयाचा तो मायक्रोमीटरच प्रमाण मापाशी ताडून घेतात. या दक्षतेचे कोणाला नवल वाटत नाही. त्याच सातपूरच्या श्रमिकनगरात किंवा अशोकनगरात एखादे दीड वर्षाचे मूल अजून चालत नाही, हाकेला वळून पाहत नाही, तेव्हा त्याची वाढ ज्या चाचणीने तपासावयाची ती चाचणी कोणत्या मुलांवर पारखलेली आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि संशयित मुलांना जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. योजना उचितच आहे. तथापि पहिली तपासणी ही चाळणी होय, निदान नव्हे. आणि चाळणी दोन प्रकारे चुकते. दोष असलेले मूल निसटते, किंवा निकोप मुलावर ठपका येतो.

अमेरिकेतील डेन्व्हर चाचणी जगभर पोहोचली. तिच्या १९९२ च्या सुधारित आवृत्तीची त्याच वर्षी पडताळणी झाली, तेव्हा तिने अडचणीतील १०० मुलांपैकी ८३ हेरली. पण निकोप १०० पैकी केवळ ४३ मुलांनाच निकोप ठरविले. उलट त्रिवेंद्रम येथे तयार झालेल्या तक्त्यात दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या १७ कृती आहेत. अंगणवाडी सेविकेला तो काही मिनिटांत वापरता येतो. पडताळणीत त्याने विलंब असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुले हेरली आणि निकोपांपैकी सुमारे ७९ टक्के ओळखली.

हे आकडे हिशेबात मांडले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. हजार मुलांपैकी ५० जणांच्या विकासात खरोखर विलंब आहे असे धरू. या तक्त्याने त्यांतील सुमारे ३३ सापडतील, १७ निसटतील. आणि उरलेल्या ९५० पैकी सुमारे २०० निकोप मुलेही पुढील तपासणीस धाडली जातील. म्हणजे रुग्णालयाच्या दारी आलेल्या सात मुलांत खरी गरज असलेले मूल एकच.

या चुकांची किंमत कोण मोजतो? ठपका आलेल्या मुलाची आई, कंत्राटी कामावर असेल तर, दिवसाचा रोज बुडवून रुग्णालय गाठते आणि घरी बोल ऐकते. निसटलेल्या मुलाची किंमत त्याहून जबर. ती ते मूल जन्मभर फेडते, कारण मेंदूची घडण सर्वांत वेगाने होण्याची वर्षे परत मिळत नाहीत. खर्च करणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशा व्यवहारात निवड हलगर्जीपणे होते, हा अर्थशास्त्राचा जुनाच धडा आहे.

म्हणून चाचणी निवडताना तिचे नाव किंवा छपाई पाहून भागणार नाही. ती आपल्याकडील मुलांवर पारखली आहे काय? घरात अहिराणी किंवा भोजपुरी ऐकणाऱ्या मुलाला तिचे प्रश्न कळतात काय? दोन सेविकांनी एकच मूल तपासले तर निष्कर्ष एकच येतो काय? ज्या घरात जिनाच नाही, तेथील मुलाला जिना चढता येत नाही म्हणून ते मागे पडलेले ठरत नाही. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बालकांवरून १९७० साली भारतीय मानके सिद्ध केली आणि १९९७ साली ती सुधारली, ती याच जाणिवेने. ती मापनश्रेणी मात्र प्रशिक्षित तज्ज्ञाच्या हातची, चाळणीनंतरची आहे.

निर्दोष चाचणी कोणतीच नाही. म्हणून ठराविक काळाने फेरतपासणी हवी, आणि कागदावर ‘ठीक’ अशी नोंद झाली तरी आईच्या मनातील शंका खोडून काढू नये. पुढे उपचाराची सोय नसेल तर उत्तम चाळणीही व्यर्थच. लोखंडाच्या तुकड्यासाठी जी दक्षता सातपूरला नित्याची आहे, तिच्यावर तेथील मुलांचा अधिकार त्याहून निश्चितच मोठा आहे.