झाडंही आजारी पडतात : मुंबईच्या पर्जन्यवृक्षांची गोष्ट

"झाडाला रोग होतो का?" असं वर्गात विचारलं की मुलं आधी हसतात. मग कोणीतरी म्हणतं, "आमच्या जास्वंदीवर पांढरं पांढरं येतं, तसं का?" उत्तर अगदी बरोबर आहे. त्याच पांढऱ्या किडीच्या जातकुळीने आपल्या उपनगरांतली मोठमोठी झाडं वाळवली.

घाटकोपर, मुलुंडपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंत रस्त्याकडेला छत्रीसारखं पसरलेलं, संध्याकाळी पानं मिटणारं झाड म्हणजे पर्जन्यवृक्ष, अर्थात रेन ट्री. मूळचं मध्य व दक्षिण अमेरिकेतलं. २०१४-१५ च्या सुमारास मुंबईत हे वृक्ष मोठ्या संख्येने वाळू लागले. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण ही कीड आढळली.

कीड काय करते?
पीठ लावल्यासारखा दिसणारा हा बारीक कीटक कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस शोषतो. जास्तीचा गोड रस चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. त्यावर काळी बुरशी वाढते, पानं काळवंडतात आणि अन्न तयार करणं मंदावतं.

पसरते कशी?
मादीला पंख नसतात. पण तिच्या कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी असतात. पिल्लं इतकी हलकी, की वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर जातात. गोड रसासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. आणि छाटलेल्या फांद्या उघड्या ट्रकमधून नेऊन आपण माणसंही त्यांना पुढच्या गल्लीत पोहोचवतो! एकाच जातीची झाडं ओळीने असली, तर किडीला पंगतच मिळते.

मात्र सगळा दोष किडीला देऊन चालणार नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं, गटारासाठी मुळं तोडली, की पाणी आणि हवा कमी पडते. अशक्त माणसाला ताप लवकर गाठतो, तसंच झाडाचं होतं. वाळलेली फांदी पावसाळ्यात कोणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही. म्हणून हा विषय फक्त परीक्षेपुरता नाही.

मुलांसोबत करून पाहा
१. पानं नाहीत म्हणजे झाड मेलं असं नाही. पानगळही असू शकते. बारीक डहाळी नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे.
२. पांढरे पुंजके, चिकट थेंब, मुंग्यांची रांग, काळी पानं यांची नोंद करा.
३. बुंध्याभोवती उघडी माती किती आहे, ते पट्टीने मोजा.

लक्षणं दिसली तर पालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याला लेखी कळवा. झाड आपणच तोडू नये. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घरच्या कुंडीतली कीडग्रस्त फांदी मात्र कापून पिशवीत घट्ट बांधा, मगच टाका. रोगाची एक वाट तरी आपल्या हातून बंद होईल.