ग्रामसभेतील ध्वनिवर्धक : शीळ का येते व कर्णा कोणता निवडावा

शिंदखेडा तालुका हा तापीच्या दक्षिण तीरावरील कापसाचा मुलूख होय. खरिपाच्या तोंडावर आणि पुढे कपाशीस पात्या-फुले लागण्याच्या सुमारास येथील गावोगावी शेतकऱ्यांच्या सभा भरतात. कोठे देवळाच्या सभामंडपात, कोठे शाळेच्या ओट्यावर, तर कोठे पारावर लोक जमतात. ध्वनिवर्धक सुरू होतो, वक्ता बोलावयास उभा राहतो आणि पहिल्या दोन वाक्यांतच कर्णा कर्कश शीळ घालू लागतो. मग मंडपवाला धावत येऊन आवाज कमी करतो. शीळ थांबते खरी, परंतु त्याबरोबर मागच्या रांगांचे ऐकणेही थांबते.

हा प्रकार हसून सोडून देण्याजोगा नाही. गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घ्यावे. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी शेतात कामगंध सापळे लावावेत आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री दररोज आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा, असा सल्ला देण्यात येतो. आता ‘आठ’ आणि ‘साठ’ ह्या दोन शब्दांत फरक तो केवळ ‘स’चा. मागे बसलेल्या शेतकऱ्यास आठाऐवजी साठ ऐकू आले, तर तो साठ पतंगांची वाट पाहत बसेल आणि तोवर अळी बोंडात शिरलेली असेल. ‘वीस’ आणि ‘तीस’ ही जोडीही तशीच फसवी आहे. औषधाच्या मात्रेत असा घोटाळा झाल्यास पिकास व फवारणी करणाऱ्यास, दोघांसही तो बाधतो. २०१७ च्या खरिपात राज्यात बोंडअळीने हाहाकार केला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेव्हापासून मात्रेचे व संरक्षक साधनांचे सांगणे हा प्रत्येक सभेचा मुख्य भाग झाला आहे. ते सांगणे शेवटच्या माणसापर्यंत अक्षरशः पोचले पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ह्या भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते. बाहेरून आलेला अधिकारी पुस्तकी मराठीत औषधांची अपरिचित नावे सांगतो. ओळखीचा शब्द अर्धवट ऐकू आला तरी मन तो पुरा करून घेते. अनोळखी शब्दाच्या बाबतीत ते शक्य होत नाही. म्हणून तेथे आवाज नुसता मोठा असून भागत नाही, तो स्वच्छ असावा लागतो.

शीळ कशी उत्पन्न होते

वक्त्याचा आवाज ध्वनिक्षेपकात, म्हणजे लोक ज्यास माईक म्हणतात त्यात, शिरतो. तेथून तो वर्धकयंत्रात जाऊन मोठा होतो व कर्ण्यातून बाहेर पडतो. बाहेर पडलेल्या आवाजाचा काही अंश भिंतींवरून, पत्र्यावरून किंवा सरळ हवेतून परत ध्वनिक्षेपकाकडे येतो. यंत्र बिचारे वक्त्याचा आवाज कोणता आणि आपलाच परत आलेला कोणता, हे ओळखू शकत नाही. ते त्यासही मोठे करून पुन्हा बाहेर टाकते.

पूर्वी सावकार पेरणीसाठी सवाईने धान्य देत असे. एक मण नेले तर सुगीत सव्वा मण परत करावयाचे. ते न फेडता पुन्हा सवाईने चढविले की ऋण फुगत जाई. कर्ण्याचे तसेच आहे. एका फेऱ्यात आवाज पाऊणपट होऊन परत येत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तो घटत जाऊन विरतो. तोच सवाईने परत येऊ लागला की क्षणार्धात यंत्राची सारी शक्ती त्यातच खर्च होते. ध्वनी एका सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. कर्णा ध्वनिक्षेपकापासून सहा मीटर दूर असला, तर एका सेकंदात असे पन्नासाहून अधिक फेरे होतात. म्हणूनच शीळ हळूहळू न वाढता एकदम उसळते. सर्वच स्वर सारखे परत येत नाहीत. ज्या स्वरास त्या जागेची, कर्ण्याची व ध्वनिक्षेपकाची सर्वांत अधिक साथ मिळते तोच आधी सवाईवर जातो. त्यामुळे ऐकू येते ती एकाच सुराची किंकाळी.

ह्याहून निराळा एक दोष आहे. यंत्रातून सतत ‘घूंऽऽ’ असा खर्जातला आवाज येत असेल, तर तो परत फिरणाऱ्या ध्वनीचा नव्हे. तो विजेच्या ५० आवर्तनांचा गुंजारव असून ध्वनिक्षेपकाच्या तारेचे वेष्टण तुटणे, जोड ढिला असणे किंवा ती तार विजेच्या तारेलगत टाकणे ही त्याची नेहमीची कारणे होत. दोहोंचे उपाय वेगळे असल्याने आधी कोणता दोष आहे हे ऐकून ठरवावे.

उपाय

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे ध्वनिक्षेपक तोंडाजवळ घेणे. तो एक फुटावरून सहा इंचांवर आणला की त्यावर पडणारा वक्त्याचा आवाज सुमारे दुप्पट होतो. मग यंत्राची कळ तितकी मागे फिरविता येते आणि परत येणाऱ्या ध्वनीचे वर्धन निम्म्यावर येते. पुष्कळ वक्ते ध्वनिक्षेपकास बिचकून दूर उभे राहतात व शीळ आली की आणखी मागे सरतात. त्याने दोष वाढतो.

दुसरी गोष्ट जागेची. कर्णा वक्त्याच्या पुढे, लोकांच्या बाजूस असावा व त्याचे तोंड लोकांकडे असावे. गावात बहुधा उलट दिसते. शोभेसाठी म्हणून कर्णा व्यासपीठाच्या मागच्या खांबास किंवा वक्त्याच्या डोक्यावर बांधतात आणि तो वक्त्याबरोबर ध्वनिक्षेपकालाही सारे ऐकवीत राहतो. सभेसाठी वापरावयाचा ध्वनिक्षेपक एकाच दिशेने ऐकणारा असावा. असा ध्वनिक्षेपक पाठीमागचा आवाज फार कमी घेतो. म्हणून त्याची पाठ कर्ण्याकडे करावी. मात्र त्याच्या जाळीच्या गोळ्यास मुठीत धरू नये. गोळ्याच्या मागची छिद्रे हाताने झाकली गेली की त्याचा हा गुणच नाहीसा होतो आणि तो चहूकडचे ऐकू लागतो.

व्यासपीठावर सरपंचांसमोर एक, अधिकाऱ्यांसमोर एक, सूत्रसंचालकाच्या हाती एक असे तीन-चार ध्वनिक्षेपक एकदम चालू ठेवण्याची हौस सोडून द्यावी. चालू ध्वनिक्षेपकांची संख्या दुप्पट झाली की शीळ येण्यापूर्वी मिळणारा आवाज ३ डेसिबलने कमी होतो. बोलणाऱ्याचा तेवढा चालू ठेवून बाकीचे बंद करावेत.

खर्ज कमी करण्याची कळ यंत्रावर असते. भाषणासाठी ती निःसंकोच मागे घ्यावी. शब्दांचा अर्थ व्यंजनांत असतो आणि व्यंजने वरच्या पट्टीत असतात. ‘आठ’ला ‘साठ’पासून वेगळा करणारा ‘स’ तर फारच वरच्या पट्टीत आहे. खर्ज वाढविल्याने आवाज भारदस्त वाटतो, पण शब्द त्यात बुडतो.

सभामंडपाच्या गुळगुळीत फरशा, कठीण भिंती आणि पत्र्याचे छप्पर ध्वनी परत फेकतात. खाली जाजम अंथरणे आणि कर्ण्यासमोरच्या भिंतीवर गोणपाट किंवा जाड सतरंजी टांगणे ह्यांचा बराच उपयोग होतो. माणसांची दाटी ही तर सर्वांत उत्तम अशी शोषक वस्तू होय. रिकाम्या मंडपात किंचित कुरकुरणारा कर्णा सभा भरल्यावर पुष्कळदा शांत होतो.

चाचणी घेताना ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ असे ओरडण्यात काही अर्थ नाही. ते शब्द सर्वांस पाठ असतात व कसेही ऐकू आले तरी कळतात. त्याऐवजी एका माणसास कागद-पेन्सिल देऊन शेवटच्या रांगेच्या जागी उभे करावे आणि आठ, साठ, वीस, तीस, बावीस, बत्तीस असे आकडे उलटसुलट वाचावेत. त्याने लिहिलेला कागद ताडून पाहिला की यंत्राची परीक्षा दोन मिनिटांत होते.

कर्णा की पेटी

आवाज पुरत नाही असे दिसताच मोठे यंत्र आणण्याकडे ओढा असतो. परंतु ५० वॅटचे यंत्र काढून १०० वॅटचे आणले तरी वाढ होते ती अवघी ३ डेसिबलची; कानास आवाज दुप्पट वाटण्यास सुमारे दहापट शक्ती लागते. उलट उघड्या जागेत अंतर निम्मे केले की ६ डेसिबल मिळतात, म्हणजे चौपट शक्तीचे काम फुकटात होते. म्हणून एका मोठ्या कर्ण्यापेक्षा लोकांजवळ ठेवलेले दोन लहान कर्णे बरे. १९५६ साली आकाशवाणी व युनेस्को ह्यांनी मुंबई राज्यात रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर हे जिल्हे त्यात होते. त्या वेळचा पश्चिम खानदेश नव्हता. तेथे गावातील वीसेक माणसे एका संचाभोवती बसून ऐकत व मग चर्चा करीत. इतक्या जवळून ऐकावयाचे तर कर्णा हवाच कशाला?

उघड्या मैदानासाठी कर्णा योग्य. थोड्या शक्तीत तो दूरवर आवाज फेकतो, पावसास टिकतो आणि वीज गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरील यंत्रावर चालतो. तथापि त्यावर खर्जाची गाणी वाजवू नयेत. आतील पडदा त्यानेच फाटतो. सभामंडपात किंवा वर्गात कर्ण्याऐवजी उभ्या स्तंभासारखी, एकाखाली एक लहान ध्वनिवर्धक बसविलेली पेटी वापरावी. तिचा आवाज आडवा पसरतो, छपराकडे व जमिनीकडे थोडा जातो. त्यामुळे घुमणे कमी होते. लग्नाच्या वरातीतील दणदणाट करणाऱ्या पेट्या भाषणास निरुपयोगी होत, मग त्या कितीही महाग असोत.

दोन कर्णे एकमेकांपासून फार दूर लावल्यास नवीच अडचण उभी राहते. दोहोंच्या अंतरांतील फरक १७ मीटरांहून अधिक झाला की एकाचा शब्द दुसऱ्यानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाहून उशिरा पोचतो व शब्दावर शब्द चढू लागतो. १०० मीटरांवर तर अख्खे अक्षर मागे पडते. तसे लांब लावणे भागच असल्यास कर्ण्यांची तोंडे अशी फिरवावीत की एका ठिकाणच्या लोकांस एकच ऐकू येईल.

जोडणी करताना कर्ण्यावरील ओहमचा आकडा वाचावा. ८ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले की ४ ओहम होतात व एकामागे एक जोडले की १६. यंत्रावर लिहिलेल्या आकड्याहून तो कमी होऊ देऊ नये, नाहीतर यंत्र तापून जळते. तार लांब असेल तर जाडही हवी. १ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार १०० मीटरांवर नेल्यास जाऊन-येऊन सुमारे साडेतीन ओहम रोध होतो आणि ८ ओहमच्या कर्ण्याची जवळजवळ एक-तृतीयांश शक्ती तारेतच उष्णतारूपाने जाते. गावभर कर्णे लावावयाचे असल्यास १०० व्होल्टची जोडणी व तिच्यासाठी रोहित्र असलेले कर्णे घ्यावेत. तीत ही गळती नगण्य असते. मात्र ती तार घरातील विजेच्या तारेइतकीच धोक्याची समजून उघडी ठेवू नये.

जीपवरून दवंडी देताना कर्णा टपावर पुढे तोंड करून बांधावा, काचा वर कराव्यात व ध्वनिक्षेपक ओठांशी धरावा. चालत्या गाडीतून सांगितलेले अर्धेच कळते. चौकात थांबून सांगावे. मोबाईलवरून तज्ज्ञास सभेशी बोलते करताना तो मोबाईल ध्वनिक्षेपकासमोर धरला की हाच फेरा नव्या वाटेने सुरू होतो. तज्ज्ञ बोलत असताना सभेचा आवाज मोबाईलने बंद ठेवावा व प्रश्न विचारावयाच्या वेळी तेवढा उघडावा. दोन बिनतारी संच शेजारी ठेवून एकावर बोलले की दुसरा किंचाळतो, तोही ह्याच कारणाने.

उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा व रुग्णालये ह्यांच्या भोवतीचा १०० मीटरांचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असल्यास तेथे सभेची जागा धरू नये.

सभेत सांगावयाचे आकडे आधी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत, मग दोनदा उच्चारावेत आणि मागच्या रांगेतील एखाद्या शेतकऱ्याकडून ते परत वदवून घ्यावेत.