थंडीतली सायकल : कोणती घ्यावी, कशी चालवावी

दिवाळी सरली, हवेत गारवा आला की इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गर्दी वाढते. रविवारी सकाळी पाथर्डी फाट्याकडून पांडवलेणीच्या दिशेने हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे थवे जाताना दिसतात. परवा विहारात बीपी तपासायला बसलो होतो, तेव्हा एका तरुणाने विचारले, “ताई, मलाही अशी सायकल चालवायचीय. पस्तीस हजारांची सायकल हप्त्यावर मिळतेय. घेऊ का?” शेजारी बसलेली त्याची आई लगेच म्हणाली, “ती मोठ्या लोकांची हौस आहे बाबा. आपल्याला कशाला?”

आम्ही दोघांनाही तिथेच सांगितले की हप्ता काढू नका, पण सायकल मात्र नक्की चालवा. का, ते इथे सविस्तर लिहितो.

सायकल आपल्या वस्तीला नवी नाही. आपले वडील, काका याच सायकलवर डबा लटकवून अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीला गेले. पेपर टाकले, दूध टाकले, पोरांना पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडले. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पंधरा वर्षांच्या ज्योती कुमारीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून बिहारमधले दरभंगा गाठले. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर आणि सायकल जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली. ती हौस नव्हती, नाइलाज होता. कोणत्याही मुलीवर अशी वेळ येऊ नये. पण सायकल फक्त पैसेवाल्यांची असते, असे म्हणणाऱ्याला एवढे उदाहरण पुरे.

आधी शरीर तपासा, मग सायकल

हा लेख लिहिण्यामागे एक घटना आहे. आमच्या ओळखीचे एक दादा, वय पंचेचाळीस. पोट सुटले म्हणून डिसेंबरात सायकल काढली. बरीच वर्षे चालवलेली नव्हती. पहिल्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला, चहासुद्धा न घेता, चढावर तरुण पोरांच्या बरोबरीने जोर लावला. छातीत आवळल्यासारखे झाले, डावा हात जड पडला. गॅस झाला असेल म्हणून घरी येऊन सोडा प्यायले आणि पडून राहिले. दवाखान्यात पोहोचायला तीन तास गेले. जीव वाचला. तिथे कळले की बीपी कधीपासूनच वाढलेले होते, फक्त कोणी मोजले नव्हते.

यात दोष सायकलचा नव्हता. थंडीत अंगातली उष्णता राखण्यासाठी रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बीपी वाढते आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात अचानक दमछाक झाली की आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. म्हणून सुरुवात करण्याआधी एवढे करा :

• तीस वर्षांवरील प्रत्येकाने बीपी आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

• महिला आणि मुलींनी हिमोग्लोबिन तपासावे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्त कमी आढळते. ते १२ पेक्षा कमी असेल तर आधी उपचार घ्या. नाहीतर चार पायडल मारले की दम लागेल आणि दोष सायकलला जाईल.

• विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. तिकडून नाशकात आलेल्या कुटुंबांनी ही तपासणी जरूर करावी. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि अति श्रम या तिन्हींमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराची सायकल चालवू नये. फक्त वाहक असलेल्यांना सहसा त्रास नसतो, तरी त्यांनीही पाणी भरपूर प्यावे आणि जिवावर उदार होऊन पळवू नये.

• दमा असेल तर पंप खिशात ठेवा. कोरड्या, थंड हवेने श्वासनळ्या आकसतात. नाकातोंडावर सुती रुमाल बांधला की आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते.

सायकल कोणती घ्यावी?

दुकानात चार प्रकार दिसतील.

काळी साधी सायकल : जड, पण दणकट. कॅरिअर असते, कोणताही मिस्त्री दुरुस्त करतो. रोजच्या कामाला आणि सपाट रस्त्यावरच्या व्यायामाला उत्तम.

जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली : मुलांना हीच आवडते. दगडधोंड्यांच्या वाटेला ती ठीक. डांबरी रस्त्यावर मात्र स्वस्तातली स्प्रिंग प्रत्येक पायडलची थोडी ताकद खाते, वजनही वाढवते.

हायब्रीड : टायर मध्यम, हँडल सरळ, मागे सात-आठ गिअर. कामावर जाणे आणि रविवारची लांब फेरी, दोन्ही होते. नाशकात चढउतार आहेत, त्र्यंबक रस्त्याला तर चांगलाच चढ लागतो. म्हणून गिअरची घ्यायचीच असेल तर आमचा कौल हिला.

रेसची, वाकड्या हँडलची : हलकी आणि वेगवान. पण टायर बारीक, सुटे भाग महाग, आणि आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांत तिचे हाल होतात. ती शेवटी घ्यायची, आधी नाही.

घरात जुनी सायकल पडून असेल तर नवीन घेऊच नका. ती सर्व्हिसिंग करून पहिले दोन-तीन महिने चालवा. सवय टिकली तर पुढचे बघू. आम्ही एका घरात हप्त्यावर घेतलेली महागडी सायकल पाहिली. मापाची नव्हती, गुडघे दुखायला लागले आणि आता तिच्यावर कपडे वाळतात. हप्ता मात्र चालूच आहे.

जुनी विकत घेताना चाक उचलून फिरवा, आऊट असेल तर डुगडुगताना दिसेल. सांधे आणि पुढचा चिमटा यांना तडा किंवा वाकडेपणा नाही ना, हे बघा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक जागेवर थांबले पाहिजे. मूळ पावती मागा, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडणार नाही.

किमतीपेक्षा माप महत्त्वाचे

दांड्याच्या सायकलवर दोन्ही पाय टेकवून उभे राहा. दांडा आणि अंग यांत दोन बोटे जागा हवी. मग भिंतीला धरून सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना आपण पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. हेच बरोबर माप.

सीट खूप खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. खूप वर असेल तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते आणि कंबर डावी-उजवीकडे हलते. हाताला मुंग्या येत असतील तर शरीराचा भार हातांवर पडतोय, हँडल वर घ्या किंवा सीट सपाट करा. “ताई, सायकलने गुडघे जातात,” असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. बऱ्याचदा सीट दोन इंच वर केली की ती तक्रार थांबते. पाना घेऊन पाच मिनिटांचे काम.

हवेचा दाब टायरच्या बाजूलाच छापलेला असतो. आठवड्यातून एकदा हवा भरा, चेनला तेलाचे थेंब द्या आणि जास्तीचे पुसून घ्या.

थंडीत कधी आणि कसे निघावे?

नाशकात थंडीत पारा बऱ्याचदा दहाच्या खाली जातो. शेजारच्या निफाडला काही वर्षी तो पाचाच्याही खाली उतरला आहे. अशा दिवसांत पहाटे पाचला निघण्यात मर्दुमकी नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी अंधार असतो, धुके असते, शेकोट्यांचा आणि जळत्या कचऱ्याचा धूर जमिनीलगत साचलेला असतो. साडेसातनंतर निघा, किंवा संध्याकाळी पाचला. रात्रपाळी करून आलेल्या भावांनी आधी झोप घ्यावी. झोपेविना सायकल म्हणजे अपघाताला निमंत्रण.

एका जाड जर्किनपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, अंग तापले की एक काढता येतो. छातीला वारा लागत असेल तर सदऱ्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवा, हा जुन्या सायकलवाल्यांचा उपाय आजही चालतो. कान झाका, हातमोजे घाला, डोक्यावर हेल्मेट हवेच. शाल, ओढणी, मफलरचे टोक मोकळे सोडू नका, चाकात जाते. मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर लावा.

पहिली दहा मिनिटे सावकाश, हलक्या गिअरवर. थांबण्याआधीची पाच मिनिटेही तशीच. घाम आलेला सदरा घरी येताच बदला.

इंदिरानगर बोगद्याजवळ वाहनांची कोंडी असते, तिथे उतरून सायकल हाताने न्या. उड्डाणपुलावर चढू नका, सर्व्हिस रोड वापरा. पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत येणे ही सुरुवातीला पुरेशी फेरी आहे.

आठ आठवड्यांचा सराव

पहिला-दुसरा आठवडा : तीन दिवस, २० मिनिटे.
तिसरा : तीन दिवस, २५ मिनिटे.
चौथा : विश्रांतीचा. फक्त दोन दिवस, २० मिनिटे.
पाचवा-सहावा : तीन दिवस ३० मिनिटे आणि रविवारी पाऊण तास.
सातवा-आठवा : तीन दिवस ३५ मिनिटे आणि रविवारी एक ते सव्वा तास.

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सातव्या-आठव्या आठवड्यात आपण तिथे पोहोचतो.

वेग कसा ठेवायचा? चालवताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर हळू करा. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा. उजवा पाय पंधरा सेकंदांत सतरा ते वीस वेळा खाली आला की लय चांगली.

पुढे जायचे असेल त्या तरुणांसाठी बीआरएम नावाचा उपक्रम असतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पार करायचे, उदाहरणार्थ २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो आणि अमुकच सायकल हवी अशी अटही नसते. पण दोन महिन्यांच्या सरावावर तिकडे जाऊ नका, पूर्ण एक हंगाम अंगात मुरू द्या.

आपल्याच शहराचे उदाहरण घ्या. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांना हीच शर्यत एकट्याने करताना २०१६ मध्ये अर्ध्यावर सोडावी लागली. वर्षभर पुन्हा तयारी केली आणि २०१७ मध्ये ती बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. तिघेही डॉक्टर आहेत. शरीर कधी थांबा म्हणतेय हे ओळखणे आणि थांबून पुन्हा सुरू करणे, एवढे तरी त्यांच्याकडून शिकता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

खाणे-पिणे

थंडीत तहान लागत नाही, पण घाम आणि श्वासावाटे पाणी जातच असते. निघण्यापूर्वी एक पेला कोमट पाणी आणि सोबत बाटली. उपाशीपोटी निघू नका, केळे किंवा गूळ-शेंगदाणे पुरेत. आल्यावर भाकरी, उसळ, उकडलेले अंडे. डब्यातली पावडर विकत घेण्याची गरज नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गूळ ठेवावा. थरथर, दरदरून घाम, गरगरणे जाणवले की थांबून लगेच खावा.

मुलींची सायकल थांबवू नका

आठवीपर्यंत सायकलने शाळेत जाणारी मुलगी नववी-दहावीत अचानक पायी किंवा रिक्षाने जायला लागते. “मोठी झाली ना आता,” असे घरचे सांगतात. सायकलने मासिक पाळीला अपाय होत नाही. पाळीत बरे वाटत असेल तर चालवावी, त्रास होत असेल तर नाही. आयांनीही शिकावी. विना दांड्याची सायकल, मागच्या चाकाला साडीगार्ड, आणि मैदानावर सोबतीला दोन जणी. पन्नाशीतल्या बायका आमच्यासमोर शिकल्या आहेत.

लगेच थांबा

• छातीत दाब, आवळणे, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ
• न थांबणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी
• अंग गार असताना दरदरून घाम
• हाडासांध्यांत अचानक असह्य दुखणे

यातले काहीही झाले तर सायकल बाजूला लावा, खाली बसा, १०८ ला फोन करा. गॅस असेल म्हणून घरी जाऊ नका. स्वतः चालवत दवाखान्यात जाऊ नका.

त्या तरुणाने हप्ता काढला नाही. वडिलांची काळी सायकल माळ्यावर होती, ती उतरवली. टायर-ट्यूब नवे टाकले, सीट मापाने वर केली. आईचे बीपी त्या दिवशी जास्त निघाले होते. तिला डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे आणि रोज चालायला सांगितले आहे. आता रविवारी तो पांडवलेणीपर्यंत सायकल चालवतो आणि ती ट्रॅकवर फेऱ्या मारते. येत्या रविवारी आम्ही विहारात बीपीचे यंत्र घेऊन बसणार आहोत. सायकल काढण्याआधी येऊन जा, आणि घरात पाना असेल तर तोही आणा. सीटचे माप तिथेच बघू.