महापौरबाईंचा गणवेश

आमच्या भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. पण गेल्या महिन्यात आमच्या घरातला आवाज त्याहून चढला! पुतणीने नर्सिंगला जायचे ठरवले आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "रात्रपाळ्या, परक्यांची उस्तवार! हिला मागणी कोण घालणार?"

मी त्यांना किशोरी पेडणेकरांची हकीकत सांगितली. आधी परिचारिका, मग शिवसेनेच्या नगरसेविका आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या महापौर! परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या पक्षाने रुग्णसेवा केलेल्या बाईला शहराच्या प्रथम नागरिकाचा मान दिला.

एप्रिल २०२० मध्ये करोनाने मुंबईला घेरले, तेव्हा या महापौरबाई परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या आणि तिथल्या परिचारिकांना त्यांनी धीर दिला.

"देखावा गं तो!" सासूबाई म्हणाल्या.

असेल थोडा. राजकारणात तो असायचाच. पण वाचकहो, ऐन संकटात मिरवावासा वाटला तो हाच गणवेश ना? आणि तोच आपल्या लेकीच्या अंगावर दिसला की आपण का संकोचतो? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, पद गेले. हातची विद्या मात्र कुठल्याही मुदतीने संपत नाही.

सासूबाई गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "रात्रपाळीला पोरीला आणायला-पोचवायला कोण जाणार, ते आधी ठरवा."

आम्ही त्याच दुपारी अर्ज आणला.